दोन बोटं माती

तक्त्यात रकाने अकरा.
उतार, मातीची खोली, झाडोरा, पाण्याची वाट,
रस्त्यापासून अंतर, वस्तीपासून अंतर, असे.
प्रत्येकापुढे आकडा : एक ते पाच.
एक म्हणजे सोसेल.
पाच म्हणजे हात लावू नका.

पाटण सोडून वर चढलो तेव्हा चैत्र संपत आलेला.
शिकलगारांनी जीप थेट सड्यावर घातली.
"मॅडम, इथं मोडायला आहे काय?"
खरंच काही दिसत नव्हतं.
काळा-तांबडा कातळ, तापलेला,
पलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग,
वारा पडलेला म्हणून खोळंबलेली.
सातबाऱ्यावर या सगळ्याला शब्द एकच,
पोटखराबा.

मी पोलादी पट्टी खुपसली.
दोन बोटं आत गेली आणि खण्‌ वाजली.
साडेतीन सेंटिमीटर.
लिहून घेतलं.

ठकाबाई ढेबे म्हशी वळवत आल्या,
आधी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"मोजताय व्हय? मोजा.
पर चैतात येऊन काय गावणार तुमास्नी?
निजलेल्या माणसाला, चालतोस कसा, इचारल्यावानी."

मग काठीनंच दाखवत गेल्या.
हितं खळगं, भादव्यात त्यात बारकं निळं फूल,
नखाएवढं, म्हससुदीक त्याला तोंड लावत न्हाई.
तितं चीर. पाणी तिच्यातनं आत उतरतं
आणि खालच्या वस्तीच्या झऱ्याला शिमग्यापतोर पुरतं.
पुरायचं, म्हणाल्या.
पंख्यांच्या रस्त्याला सुरुंग लागले
त्या साली झरा दिवाळीतच आटला.
"कुणी फोडला न्हाई. कुणी बुजवला न्हाई.
नुसता हादरला."

हादरण्याला रकाना नव्हता.
मी 'शेरा' खाली लिहिलं, बारीक अक्षरात,
जागा तेवढीच होती.

साताऱ्यात, पोवई नाक्यामागच्या कार्यालयात,
कणसे साहेबांनी भारांक लावले.
उताराला तीस टक्के : सडा तर सपाट.
झाडोऱ्याला पंचवीस : उपग्रहाच्या चित्रात झाड एक नाही.
मातीला आठ.
माझे दोन्ही पाच त्या बेरजेत कुठं गेले कळलं नाही.
उत्तर आलं, दोन पूर्णांक चार दशांश.
पिवळा रंग.
मर्यादित पर्यटनास योग्य.

मी म्हणाले, साहेब, भादव्यात एकदा जाऊन येऊ.
साहेब वाईट माणूस नव्हेत.
भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून त्यांनी भादवा शोधला,
त्याकडे थोडं बघितलं,
पानं परत खाली सोडली.
"आराखडा जूनअखेर द्यायचाय हो."

गेले मी. रजा टाकून, एसटीनं,
वरचे पाच किलोमीटर चालत.
धुकं एवढं की पवनचक्क्या नुसत्या ऐकू येत होत्या,
कुणी मोठं माणूस झोपेत कुशी बदलतंय तशा.
सड्यावर घोट्याएवढं पाणी,
पाण्यात निळं,
कुणाची शाईची दौत लवंडावी तसं निळं,
चिरेपर्यंत, चिरेपलीकडे, दिसेनासं होईपर्यंत.

फक्त दोन पट्टे सोडून.
एकाशेजारी एक, जुळे,
त्यांच्यात फूल नाही, शेवाळसुद्धा नाही,
धुतल्यासारखा कातळ.
सरळ जात होते, आणि एका जागी
वळताना रुंद झाले होते.
मला ती जागा ओळखू आली.
तिथं शिकलगारांनी गाडी वळवली होती
आणि मी खिडकीतून सांगत होते,
अजून थोडं मागे घ्या, बसेल.

ठकाबाई घोंगडीची खोळ घेऊन उभ्या.
पट्ट्यांकडे त्यांनी बोट दाखवलं नाही.
"भरंल की," म्हणाल्या.
"तुमी न्हाई बघायच्या. म्या तर न्हाईच.
पर भरंल."
मग म्हशीला हाक घालत धुक्यात गेल्या,
म्हशीचं नाव मला नीट ऐकू आलं नाही.

वही काढली. कागद दमट झालेला.
अकराव्या रकान्याशेजारी पेन्सिलीनं
बारावा आखला.
रेघ जरा फाकली.
त्याला मथळा अजून दिलेला नाही.